हेरूकाकांची हजेरी

"अरे, हेरूकाका पुन्हा राजा!" बागास किंचाळला.

सुट्टीत जकार्ताहून जोग्याला आत्याकडे आलेल्या वुलान, तिचा भाऊ बागास आणि चुलत बहीण सेकार या तिघांना 'दिसिनी' ॲपचं नवं खूळ लागलं होतं. जाल तिथं फोनवर हजेरी लावायची, की नातेवाइकांना लगेच कळतं. ज्याच्या हजेऱ्या जास्त, तो त्या जागेचा राजा! पोरांनी नूडल्सची गाडी जिंकली होती, पण रुग्णालयावर राज्य काकांचं. आजोबांपाशी रोज तेच बसायचे. 'बाबांना पेज भरवतोय' असं त्यांनी लिहिलं, की सगळं खानदान फोनवर लाल बदाम पाठवायचं. बदाम फुकटच असतात ना!

"मग आजोबा एवढे वाळले कसे?" वुलानला काही हे पटेना.

लहान मुलांना वॉर्डात मज्जाव, म्हणून तेरा वर्षांची वुलान एकटीच वर गेली. पक्षाघातामुळे आजोबांचा हात उचलत नव्हता आणि भरवायचं काम घरच्यांचं. पण खुर्ची रिकामी! पेज थंडगार, वर मुंग्या! तेवढ्यात फोन वाजला. 'हेरू रुग्णालयात. बाबा पोटभर जेवले.'

"लबाड!" वुलान तडक खाली पळाली. आजोबा काहीतरी म्हणत होते, ते ऐकायलाही थांबली नाही.

"फोन इथलीच जागा दाखवतोय, म्हणजे काका जवळच असणार," सेकार म्हणाली.

होतेच! रुग्णालयाच्या भिंतीमागे मासेमारीचं तळं होतं. तिथं काका लवंगेची सिगारेट ओढत, गळ टाकून ऐटीत बसले होते.

"जाऊन ओरडू?" बागासने मुठी आवळल्या.

"मठ्ठ!" सेकारने त्याला अडवलं. "म्हणतील, आत्ताच आलो. त्यांनाच कबूल करू दे की!"

केळींमागे दबून सेकारने 'दिसिनी'त त्या तळ्याची नवी जागा नोंदवली. नाव दिलं, 'बापाला उपाशी ठेवून हेरू मासे पकडतो ते तळं'. जवळची जागा यादीत सगळ्यात वर येते. मग बागासने निरोप धाडला, 'काका, रुग्णालयाचं राज्य चाललं! पटकन हजेरी लावा!'

काका दचकले. आमिषानं बरबटलेला अंगठा त्यांनी न बघताच पहिल्या नावावर दाबला.

झालं! जकार्तापर्यंत फोन खणखणले. "पुन्हा तोंड दाखवू नकोस!" काकांच्या फोनमधून वुलानच्या बाबांचा आवाज केळींपर्यंत ऐकू आला. गळ तिथंच टाकून काका मोटारसायकलवरून पसार झाले. पोरं पोट धरधरून हसली. आत्याने त्यांना कोंबडी खाऊ घातली आणि बाबांनी लिहिलं, 'शाब्बास, माझ्या वाघांनो!'

दुसऱ्या दिवशी वुलान मिरवतच वर गेली. "आजोबा, आम्ही काकांना हाकललं!"

आजोबांनी डोळे मिटले. "आळशीच होता गाढव," ते अडखळत म्हणाले. "पण ऊन कललं की यायचा. दोन घास भरवायचा. बाकी... कोण आलं गं?"

वुलानला रडू फुटलं. तिने त्यांना जमेल तेवढं भरवलं. संध्याकाळची परतीची गाडी होती. निघताना तिने 'दिसिनी'वर सगळ्यांना विचारलं, 'उद्या आजोबांपाशी कोण बसणार?'

मोठ्या काकांनी अंगठा पाठवला. आत्याने लिहिलं, 'दुकान कसं सोडू गं? पण किती गुणाची पोर!' बाबांनी बदाम पाठवला.