तुराबचा खिळा

आमच्या खुजंदच्या लोकजीवन संग्रहालयाची सुरुवात पाळण्यांनी किंवा भांड्याकुंड्यांनी झाली नाही, उष्ट्या नानांनी झाली. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि ते हमखास हशा घेतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज बाकाखालून यायचा. या वर्षी मी संग्रहालयात शाळकरी मार्गदर्शक झाले, हातात छडी आली, आणि तेव्हापासून घरात कुणाला बोलायला वाव उरलेला नाही, असं आई म्हणते.

गोष्ट अशी की आमच्याकडे घरातलं माणूस लांब निघालं, की ते ताज्या नानाचा एक घास दातांनी तोडून खातं आणि उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवतात. परत आलं की तो त्यानेच संपवायचा. दुसऱ्या महायुद्धात गल्लीगल्लीतली पोरं गेली, त्यातली कितीतरी आलीच नाहीत. मग त्यांचे नान खायचे कुणी? आणि टाकून द्यायचे, हे तर आमच्या मनातही येत नाही. शेवटी एका शिक्षिकेने घरोघर फिरून ते मागून आणले, आपल्या खोलीत खिळे ठोकून टांगले, खाली नावं लिहिली. बायका तिथे येऊन बसू लागल्या. येताना रिकाम्या हाताने कशा येणार? कुणी पाळणा आणला, कुणी लग्नातला झगा, कुणी सासूचा आरसा. खोली पुरेना म्हणून दुसरी घेतली, मग तिसरी. झालं संग्रहालय!

त्या भिंतीवर एक खिळा रिकामा आहे. खाली नाव आहे, तुराब. युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याच्या आईने त्याचा नान उतरवला, पाण्यात भिजवला आणि धाकट्यांना भरवला. पुढे शिक्षिका दारात आली, तेव्हा तिने घरातला नुसता खिळा उपसून दिला.

या वसंतात संग्रहालयाचा वर्धापनदिन होता. टीव्हीवाले येणार होते. संचालक हकबेर्दी साहेबांना तो रिकामा खिळा खुपू लागला. चित्रात तो पडलेल्या दातासारखा दिसेल, तेवढ्यापुरतं काहीतरी लटकवा, असं त्यांनी सांगितलं. मला लगेच आमच्या स्वयंपाकघरातला नान आठवला. माझा मोठा भाऊ, सियोवुश अका, गेल्या शरदात रशियात इमारतींच्या कामावर गेला, तेव्हाचा. त्यावर त्याचा रुंद, उतावळा घास. टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर आईने तो स्वतःच पुसूनबिसून दिला.

झुलैखो आत्या मात्र आडवी आली. ती बाबांची मोठी बहीण आणि संग्रहालयाची राखणदार. तिथल्या किल्ल्या ती झोपतानाही कमरेला लावते.

"या भिंतीवरच्या एकाही नानाचा धनी परत आलेला नाही, मेहरांगेज," ती म्हणाली. "त्यांच्या रांगेत जित्या पोराचा नान लावतेस?"

"नानाला काय कळतंय आत्या, रांग कसली आहे ते."

"तुला तरी कुठे कळतंय."

मी हसले आणि शिडीवर चढले.

कार्यक्रम झकास झाला. नानांच्या खोलीत जाड लोकरी नमद्याचा गालिचा आहे, म्हणून जोडे दाराबाहेर काढावे लागतात. पाहुण्यांना निघताना सोपं जावं म्हणून त्यांच्या जोड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला फिरवून ठेवायची, हे आमच्यात सगळ्यात धाकट्याचं काम. घरच्यांचे जोडे फिरवत नाहीत, ते आत तोंड करून राहतात. भाषणाआधी मी भराभर जोडे फिरवले. त्यात एक जाड लष्करी बुटांचा जोड होता, चिखलाने ओला. बाहेर जर्दाळू फुललेले, रस्ते कोरडे ठणठणीत. नदीकडून आला असेल कुणी, असं म्हणून मी हात झग्याला पुसले.

माझं बोलून झाल्यावर गर्दी पुलावाच्या वासामागे अंगणात गेली. एक मुलगा मागे राहिला. अंगात लांब कोट, पायांत मोज्यांऐवजी गुंडाळलेली फडकी. आमच्या शाळेची नाटकमंडळी युद्धकाळाच्या वेशात येणार होती. वेश फारच छान जमलाय, असं मी त्याला सांगणार होते.

"हा कुणाचा?" त्याने तुराबच्या खिळ्यावरच्या नानाकडे बघत विचारलं.

"माझ्या भावाचा. तो येणार आहे परत."

"आणि आधी इथे?"

मी तुराबची हकीकत सांगितली, छडीबिडी नाचवत. तो मान खाली घालून ऐकत होता.

"पोटं भरली का धाकट्यांची?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "भरली असतील," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला. अगदी मनापासून.

तेवढ्यात साहेबांनी मला टीव्हीसाठी हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला भिंतीपाशी नेलं. अकाच्या नानावर आता दोन घास होते. एक रुंद, जुना. दुसरा लहान, नेमका, कडेला. त्याचा वास ताजा होता, नुकत्याच तंदुरातून काढल्यासारखा.

उंदीर असे दात उमटवत नाही. म्हणून मी नाटकवाल्यांना झापायला निघाले. ती पोरं उलट माझ्यावरच वैतागली. त्यांची बस वाटेत बंद पडली होती. त्यांच्यातला एकही जण पोचला नव्हता.

नान आम्ही घरी आणला. त्याच आठवड्यात अकाचा फोन लागेनासा झाला. आई नुसती स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे बघत कणीक मळत राहायची. मी शाळेत कमी बोलू लागले, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आणि मग अकाचा फोन आला! जुना फोन काँक्रीटमध्ये पडला होता, या गाढवाने तो बाहेर काढायलाही हात घातला होता. शनिवारी पोचतोय म्हणाला.

शनिवारी गल्ली लोटली. अका जाडा झाला होता. आईने त्याला आधी रडून, मग चिमटे काढून तपासलं आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर त्याचा नान ठेवला. वाळलेला नान चहात बुडवून तो मटामटा खात सुटला, आमची नक्कल करत, शेजाऱ्यांना हसवत. त्या दुसऱ्या, लहान घासाच्या खुणेपाशी आला आणि थांबला.

"संपव की," आई म्हणाली.

"माझा झाला. उरलेला त्याचा."

"कुणाचा रे?"

अका गोंधळला. मग हसला. "काय माहीत. तोंडातून निघून गेलं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आईने उरलेला तुकडा कापडाखाली झाकून ठेवला.

मी बाहेर जोडे फिरवायला गेले. शेजाऱ्यांच्या चपला, मावश्यांच्या सपाता, नबातची खडीसाखर चघळणाऱ्या पोरांचे बूट. हात आपोआप चालत होते. रांगेच्या टोकाला जाड लष्करी बूट होते. ओले. मी तेही फिरवले, बाहेर तोंड करून.

ऊन कलायच्या आत पाहुणे पांगले. एकेक जोड उचलला गेला. तो राहिला.

"आत कुणी आहे का अजून?" मी दारातून विचारलं.

"आपणच," आई म्हणाली. ती चहाचे पियाले मांडत होती. आमच्यापेक्षा एक जास्त.

मी वळले. बुटांची तोंडं आता घराकडे होती, अकाच्या बुटांशेजारी, नीट टाचेला टाच लावून.

मी ते पुन्हा फिरवले नाहीत.