पुढचा वाढदिवस कुणाचा?

चौकापासून मोजत आल्यावर सातवं घर लागलं ते कोपऱ्यावरचं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये शेतावरच्या पंपांच्या जळक्या मोटारी मांडलेल्या आणि त्यांच्यामध्ये बसून एक जण तांब्याची तार गुंडाळत होता.

"या घरात अठराच्या वरचे किती जण?" तिने विचारलं.

"आधी बसा तरी."

"आधी आकडा सांगा."

"दोन. आई आणि मी. आता बसाल?"

ती बसली, पण स्टुलाच्या अगदी कडेवर. ती शहरातल्या एका पाहणी संस्थेत कामाला होती. निवडणुकीला तीन महिने होते, आणि शहरातली माणसं कुणाला मत देणार, गावातली कुणाला, आणि दोघांत फरक का पडतो, हे संस्थेला हवं होतं. कुणाला विचारायचं हे आपल्या मनावर सोडलं, तर माणूस हसऱ्या चेहऱ्यांचीच दारं ठोठावतो. म्हणून नियमच होता : दर सातवं घर धरायचं, आणि घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात जवळ असेल, त्यालाच प्रश्न विचारायचे. सातव्या घराला कुत्रं असलं म्हणून ही बाई कधी आठव्यात शिरली नाही. ऑफिसात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

"ज्याची निवड होईल त्याच्याकडे मी मतदानापर्यंत तीनदा येईन," तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. "माणूस तोच, प्रश्न तेच. तर — पुढचा वाढदिवस कुणाचा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या तारेकडे पाहिलं.

"माझा," तो म्हणाला. "येत्या एकवीसला."

तिने लिहून घेतलं. खरं तर नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्यांच्या तारखा विचारायच्या असतात. तिने आईची विचारली नाही. ऊन फार होतं म्हणून राहून गेलं, असं तिने परतीच्या बसमध्ये स्वतःला सांगितलं.

"मत कुठल्या चिन्हाला देणार? शिडी की बादली?"

"बादली."

यात नवल काही नव्हतं. शहरात तिसऱ्या मजल्यापासून तेराव्यापर्यंत जो तो शिडीचं नाव घेत होता, आणि गावात बादलीचं. शहरातली माणसं साखळीपुरतं दार उघडत, दोन मिनिटांत उत्तरं देत आणि दार लावून घेत. इथे मात्र प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न येत होता.

"कारण?" तिने पेन्सिल सरसावली.

"वीज. इथे ती कमी-जास्त होते आणि मोटारी जळतात. बादलीवाले म्हणतात, सुधारू."

"पण वीज सुधारली तर तुमच्याकडे मोटारी येणार नाहीत."

"नाही येणार."

"मग तुमचं काम?"

"दुसरं बघेन काहीतरी." त्याने खांदे उडवले. "पण मोटार जळली की माणूस काय तोंड करून इथे येतो, ते तुम्ही बघितलेलं नाही, मॅडम. मला रोज बघावं लागतं."

कारणांसाठी कागदावर नऊ चौकटी होत्या. हे एकाही चौकटीत बसेना. शेवटी तिने ते जसंच्या तसं समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

"आणि तुम्ही कुणाला देणार?" त्याने विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"अरे वा! आमचं सगळं काढून घ्यायचं आणि स्वतः मुठी मिटून बसायचं?"

"नियम आहे."

"तीनदा येणार आहात ना? तोवर एकदा तरी सांगाल."

ती हसली नाही. निदान शेडमध्ये तरी नाही.

त्या रात्री जेवताना तिचे बाबा नेहमीसारखे म्हणाले, "गावाकडे काय, चार जण म्हणतील तिकडे सगळे मत देतात. स्वतःचा विचार कोण करतंय?"

"स्वतःचा नाही करत काही जण, हे खरंय," ती म्हणाली आणि समासातल्या ओळी आठवून उगीचच पाणी प्यायली. बाबांना वाटलं, पोरीला पटलं. त्यांनी आनंदाने आणखी एक पोळी घेतली.

दुसरी फेरी सहा आठवड्यांनी आली. त्या दिवशी भुरभूर पाऊस होता. या वेळी स्टूल पुसून ठेवलेलं होतं, आणि ती त्यावर नीट टेकून बसली.

"वाढदिवस झाला का छान?"

"कुठला?" तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "हां, तो... झाला की! झाला."

तिला वाटलं, लाजला. मोटारवाल्याचे कान लाल झालेले तिला आवडलेही. प्रश्न वीस मिनिटांचे होते, ते पुरले तासभर. त्याने तिला मोटारीचा वास घेऊन ती कशाने जळली हे कसं ओळखायचं ते दाखवलं. तिने त्याला सांगितलं की शहरात शेजाऱ्याचं नाव तिला दारावरच्या पाटीवरून कळतं.

"मग तिथे मत कुणाला विचारून देता?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"बरं आहे की. भांडण नाही."

"बरं नाहीये," ती म्हणाली, आणि आपण हे का बोललो असं तिला झालं. "भांडायला कुणीतरी लागतं."

उठताना तिची छत्री उघडेना. त्याने ती घेतली, काडी वाकवली, उघडून दिली. छत्री देताना बोटाला बोट लागलं, एवढंच. पण बस येईपर्यंत ती ते बोट मुठीत धरून उभी होती... फूटपट्टी म्हणे!

तिसरी फेरी मतदानाच्या आठ दिवस आधीची. तो शेतावर मोटार बसवायला गेला होता, येईलच एवढ्यात, म्हणून त्याच्या आईने तिला घरात बसवलं आणि चहा ठेवला. बोलायला काहीतरी हवं म्हणून तिने विचारलं, "काकू, वाढदिवसाला काय केलं होतं मग एकवीसला?"

"माझ्या? माझ्या वाढदिवसाला कोण काय करतंय!" काकू हसल्या. "पण तुला कसं गं माहीत?"

"तुमचा नाही... यांचा."

"त्याचा? छे! तो ऐन थंडीतला. अजून पाच महिने आहेत त्याला. एकवीसला माझा असतो."

म्हणजे निवड काकूंची झाली होती. तीन महिने ती चुकीच्या माणसाला प्रश्न विचारत होती. फॉर्म खोटा होता. आणि फॉर्म रद्द केला, तर या घरात पाऊल टाकायला तिच्याकडे काही कारणच उरत नव्हतं. नाही केला, तर कुणाला कधी कळणार होतं? हा दुसरा विचार आला तेव्हा तिची तिलाच भीती वाटली.

तो दारात आला. दोघींचे चेहरे पाहून त्याला सगळं उमगलं.

"का सांगितलंत तसं?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणालात, ज्याची निवड होईल त्याच्याकडे तीनदा येणार." तो चौकटीला टेकून उभा राहिला. "आईकडे आला असतात तर मी शेडमध्येच राहिलो असतो."

तिने त्याच्यादेखत फोन काढला आणि ऑफिसातल्या मॅडमना लावला. आवाज तिने अगदी सरळ ठेवला. "मॅडम, गावातल्या चौकापासूनच्या सातव्या घराचा फॉर्म रद्द करायचा. माणूस चुकीचा निवडला गेला."

"कुणाच्या चुकीने?"

"माझ्या."

"तुझ्या?" पलीकडून मॅडम म्हणाल्या. "पथकप्रमुख म्हणून तुझंच नाव पाठवणार होते मी. आता थांबवावं लागेल."

"थांबवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

"खोटं मी बोललो," तो कळवळून म्हणाला. "तुमची कसली चूक?"

"काकूंची तारीख मी विचारायला हवी होती. विचारली नाही. ऊन फार होतं त्या दिवशी."

"त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, मॅडम. मी दिवा लावून तार गुंडाळत होतो."

तिने फॉर्मवर आडवी रेघ मारली. रेघ पहिल्यांदाच वाकडी आली.

"बरं. नव्हतं ऊन," ती म्हणाली. "मला तुम्हीच निघायला हवे होतात, म्हणून नाही विचारली."

काकूंनी चहाचे कप दोघांच्या मधोमध ठेवले. "तुमचं झालं असेल तर मला विचार. माझी निवड झाली होती ना?"

"काकू, फॉर्म तर रद्द झाला..."

"कागद राहू दे. तोंडी विचार."

तिने विचारलं. शिडी की बादली?

"शिडी," काकू म्हणाल्या. "शिडीवाले दिवसातून दोनदा बस सोडणार आहेत. बहिणीकडे जायला मला कुणाच्या गाडीवर मागे बसावं लागणार नाही."

तो बघतच राहिला. "आई! आपण तर सगळे बादलीला —"

"सगळे म्हणजे कोण? मला कधी विचारलंस?"

त्याने चहाचा कप तोंडाला लावला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो तिच्याकडे वळला. "आता फॉर्म नाही, नियम नाही. आता तरी सांगा. तुम्ही कुणाला?"

"शिडी," ती म्हणाली. "पण तुमची ती समासात लिहिलेली मोटारींची गोष्ट ऐकल्यापासून माझं बाबांशी रोज भांडण होतं."

"म्हणजे शिडीला दोन आणि बादलीला एक," त्याने बोटं मोजली. "या घरात मी अल्पमतात गेलो म्हणायचा."

"या घरात मतदार दोनच आहेत. मी स्वतः लिहिलंय."

"यादी... दुरुस्त करता येते ना?"

काकूंना एकाएकी स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवलं.

तिने वही उघडली आणि कोरं पान काढलं. पद्धत म्हणजे पद्धत.

"येते. पण या वेळी नियमाने. सगळ्यांच्या तारखा लिहायच्या. काकूंचा एकवीसला होऊन गेला. तुमचा थंडीत." पेन्सिल थांबली. "तर — पुढचा वाढदिवस कुणाचा?"

"तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"माझा. येत्या नऊला," ती म्हणाली, आणि त्या घराच्या यादीत तिसरी ओळ लिहिली.