वाढत्या अंगाचा पलंग

रंगाचे डबे घेऊन मी खोलीत शिरले, तर जमिनीवर मधोमध एक माणूस मरून पडलेला. हात छातीवर, डोळे मिटलेले, केसांत लाकडाचा भुसा. माझ्या हातून डबा निसटून त्याच्या कानाशी आदळला, तरी गडी हलला नाही.

"मेलात का हो?" मी विचारलं. घाबरले की माझं तोंड असंच सुटतं.

"अजून नाही," डोळे न उघडता तो म्हणाला. "पलंगाचं माप घेतोय. पोराला झोपल्यावर खिडकी कुठं दिसते, ते आडवं झाल्याशिवाय कळत नाही."

"मग पोरासारखं झोपा की. पोरं काय अशी हात बांधून झोपतात?"

त्याने जरा विचार केला. मग कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले, एक तळवा गालाखाली ठेवला. सहा फुटी धिप्पाड माणूस, आणि गठुडं होऊन माझ्याकडे बघतोय.

"असं?"

मला हसू आवरेना. दाराशी त्या घरची आई उभी होती, ती काही हसली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिलं आणि पडद्याचं कापड खुर्चीवर ठेवून निघून गेली.

मी भिंती रंगवते. मुलांच्या खोल्या, एवढंच माझं काम. तो मिस्त्री, मुलांचं फर्निचर करणारा. या खोलीसाठी आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं आणि मुदत एकच होती — अठरा दिवस. अठराव्या दिवशी त्यांची सात वर्षांची मुलगी इस्पितळातून घरी यायची होती. सगळे तिला मुंगी म्हणत.

तिच्या आवडीनिवडी विचारायला मी इस्पितळात गेले होते. डोक्याला रुमाल, हाताला सुई, आणि जीभ मात्र अशी चुरूचुरू की विचारू नका. तिला जंगल हवं होतं. माकडाच्या शेपटीच्या खुंट्या, कासवाचं स्टूल, बेडकाच्या पोटात दिवा. पलंग मगरीचा, कारण मगरीच्या तोंडात झोपलेल्या माणसाला कुणी सुई टोचायला येत नाही. "आणि जिराफ," तिने बजावलं. "जिराफ विसरायचा नाही हं, रंगमावशी."

मी काय जिराफ विसरणार! प्रत्येक खोलीत मी जिराफ काढतेच. दाराशेजारी उभा, मानेवर फुटांचे आकडे, म्हणजे दर वाढदिवसाला मुलाला त्याला टेकवून उभं करायचं आणि रेघ ओढायची. चाळीसेक घरांत माझे जिराफ उभे आहेत. हात आपोआप चालतो. त्यातच घोटाळा झाला.

त्याआधीचे दहा दिवस मात्र... काय सांगू. भुशाचा वास, रंगाचा वास, आणि आमची दिवसभराची जुगलबंदी.

"मिस्त्री, तुमची मगर म्हशीसारखी दिसते."

"तुमच्या माकडाकडे बघून बोला. हुबेहूब माझा मामा."

"मग मामाच्या भाच्याला सांगा, फळीवरचे पाय काढ, रंग ओला आहे."

तो पाय काढायचा नाही. पाय तिथेच, आणि नजर माझ्यावर. मी वळून बघितलं की रंध्याकडे. मला राग यायचा — वळून बघावंसं वाटायचं म्हणून जास्त. एकदा माझ्या गालाला हिरवा रंग लागला होता. त्याने खिशातून रुमाल काढला, पुढे केला, मागे घेतला, घडी घालून परत खिशात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. असू दे. शोभतोय."

त्या दिवशी घरी जाऊन तो हिरवा डाग मी चांगला दोन तास पुसला नाही. वेडी म्हणा.

अकराव्या दिवशी आई आत आली. जिराफ पुरा झाला होता. तीन फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत आकडे.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"तिची उंची मोजायला," मी उत्साहाने म्हटलं. "दर वाढदिवसाला एक रेघ. आणि मिस्त्रींनी पलंगही वाढत्या अंगाचा केलाय बघा. दीड फूट जादा आहे शेपटीकडे. लग्न होईपर्यंत पुरेल."

तिने भिंतीला हात टेकला. बराच वेळ नुसती जिराफाच्या वरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

"पुसून टाका," ती म्हणाली. "आणि पलंग तिच्या मापाचा करा. जास्त नको."

ती गेल्यावर मुंगीचे बाबा आले आणि दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. औषधं थकली. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, तिला आवडतं ते करा. दोन महिने, फार तर तीन. आधी सांगायला हवं होतं, पण तोंडातून शब्द निघेना, असं म्हणून त्यांनीच आमची माफी मागितली. आमची!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पोर घरी येतंय म्हणजे बरं होऊन येतंय, एवढंच मी धरून चालले होते. मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि जिराफ पुसायला लागले. मिस्त्री मात्र करवतीला हात लावेना.

"कापा ना," मी म्हटलं. "ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?"

"नाही कापणार."

"त्या माउलीला रोज ती रिकामी जागा दिसणार. कळतंय का तुम्हाला? का डोक्यातही भुसाच भरलाय?"

तो चिडला नाही. खाली बसला आणि मगरीच्या शेपटीवरून हात फिरवत राहिला. "माझा धाकटा भाऊ आजारी होता," तो म्हणाला. "वडीलही मिस्त्रीच. त्याला खाट केली ती नेमकी त्याच्या मापाची. त्यांचं मन धजलं नसेल जास्त धरायला... त्याच्या पायाला पुढची फळी लागायची. एक दिवस त्याने मला विचारलं, दादा, मी आता वाढणार नाही का?"

"मग? काय सांगितलंत?"

"काही नाही. खेळायला पळून गेलो. नऊ वर्षांचा होतो."

माझ्या हातातला ब्रश टपटप गळत होता. मी तो ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मुंगीच्या आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नळ चालू होता तो बंद केला. "राहू द्या पलंग," ती म्हणाली. जिराफाबद्दल ती काही बोलली नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

अठराव्या दिवशी बाबांनी मुंगीला उचलूनच आणलं. तिने मगरीच्या तोंडात हात घातला, बेडकाचा दिवा तीनदा लावला-विझवला, खुंट्या मोजल्या. मग भिंती बघत म्हणाली, "जिराफ कुठाय?"

आईने मान फिरवली.

"दमला तो," मिस्त्री म्हणाला. "सारखं उभं राहून कंटाळला. म्हणतो, मी मुंगीसारखा आडवा होणार. आता रंगमावशी त्याला तुझ्या शेजारी झोपवणार आहे. होय ना?"

मग मी मुंगीच्या देखत, पलंगाला लागून असलेल्या भिंतीवर, आडवा झोपलेला जिराफ काढला. पाय तिच्या उशीकडे, मान तिच्या तळपायांच्या पुढे लांबवर पसरलेली.

"आकडे?" मुंगीने विचारलं. "आकडे नसले तर मी किती मोठी झाले ते कसं कळणार?"

मी आईकडे पाहिलं. ती आली, माझ्या हातातली पेन्सिल तिने घेतली, लेकीचा पाय सरळ केला आणि टाचेशी स्वतः रेघ ओढली. रेघ किंचित वाकडी आली.

त्यानंतर आमचं काम संपलं होतं. पण दर आठवड्याला निरोप यायचा, मगरीची शेपटी हलतेय, मिस्त्रींना पाठवा. तो गेला की तासाभरात मला, माकडाचा रंग उडालाय. शेपटी काही हलत नव्हती आणि रंगही जागच्या जागी होता.

"मीच सांगते तसं," मुंगीने एकदा माझ्या कानात सांगितलं. "तो आला की तू येतेस. तू आलीस की तो लवकर जात नाही." मग मोठ्याने, "काका, रंगमावशी तुला आवडते का?"

"कामाला बरी आहे," तो म्हणाला. कान लालभडक.

"आणि तोंडाने?" मी विचारलं.

"तोंडाने... सवय झालीय."

मुंगी खुदकन हसली. तिला हसलं की खोकला यायचा, आणि खोकला आला की थांबायचा नाही. आम्ही दोघं तिची पाठ चोळत बसायचो. तिच्या पाठीवर माझा हात त्याच्या हाताला लागायचा. तो काढायचा नाही, मीही नाही. अशा जागी असं काही सुचावं याची मला लाज वाटायची, आणि तरीही सुचायचं.

दुसरा महिना संपताना आईने पुन्हा पेन्सिल घेतली. टाच पहिल्या रेघेच्या पुढे गेली होती. तिला खरं वाटेना. तिने मिस्त्रीला हाक मारली. त्याने गुडघे टेकून टेप लावला, दोनदा.

"दोन सूत," तो म्हणाला.

"म्हणजे?" मुंगीने विचारलं.

"म्हणजे पाव इंच. वाढलीस तू."

त्या घरात आईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मुंगीने पाय ताणून पाहिले. फळी अजून कितीतरी लांब होती. "खूप जागा आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. सकाळी, बेडकाचा दिवा लावलेला असताना.

महिन्याने आईने आम्हाला बोलावलं. खोली साधी पांढरी करायची होती. मी माकडं पुसली, झाडं पुसली. पलंगाशेजारच्या भिंतीशी आले तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दोन रेघा राहू द्या. बाकी सगळं करा." मग मिस्त्रीकडे वळली. "पलंग मोडू नका. तुम्ही न्या. वाढत्या अंगाचा आहे... कुणाला तरी होईल." बोलताना तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरून बाहेर गेली.

मी रेघांभोवती रंग लावत होते. बराच वेळ मागून स्क्रूचा आवाज आला नाही म्हणून वळले. तो जमिनीवर पडला होता, कुशीवर, गुडघे पोटाशी, गालाखाली हात.

"मेलात का हो?" मी हळूच विचारलं.

"थोडासा," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. "खरं सांगा. दोन सूत होती का? की आईसाठी म्हणालात?"

"होती. माप खोटं सांगत नाही मी."

मग मलाही रडू आलं. पोटभर रडले. रडून झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, आणि या वेळी मागे घेतला नाही.

"पलंग ठेवायचा कुठं?" तो म्हणाला. "माझ्याकडे तर जागा नाही."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "पण तुम्हाला यावं लागेल. शेपटी हलते त्याची."

"किती वेळा यावं लागेल?"

"रोज."

"रोज?"

"कायमचंच या ना," मी म्हटलं. "किती बोलायला लावता हो माणसाला!"

तो उठून बसला. माझ्या गालावरचा पांढरा डाग त्याने रुमालाने नीट, सावकाश पुसला. "येईन," तो म्हणाला. "तू मगरीचं डोकं धर. मी शेपटी धरतो."