लाडोबाचा पट्टा कोण ताणतं?

"थांबा! सगळे खांब व्हा!" चिमणी ओरडली.

तिघंही रस्त्याच्या कडेला जागच्या जागी उभे राहिले. म्हणजे चिमणी आणि वकील उभे राहिले. बटाट्या मात्र दोन्ही हातांनी पट्टा धरून, टाचा रोवून, तरीही हळूहळू पुढे घसरत होता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लाडोबा होता. जीभ बाहेर, कान मागे, आणि अंगातली सगळी ताकद छातीत!

"अरे, मी खांब झालोय," बटाट्या कण्हला, "पण ह्याला खांब उपटता येतात!"

वर्गात सगळ्यात वजनदार म्हणून पट्टा धरायचं काम बटाट्याकडे होतं. तो शेजारच्या घरातला. वकील हा चिमणीचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला. तो कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकीलच म्हणत. आणि लाडोबा होता चिमणीचा. पिल्लू होता तेव्हा ती त्याला दप्तरात घालून फिरवायची. आता तोच तिला फिरवत होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी आजोबा त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, लाडोबानं हिसका दिला आणि आजोबा फुटपाथच्या पायरीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. आजोबा घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या टेबलावर अकरा उघडी घड्याळं तशीच पडली होती, आणि आजोबा प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे नुसते बघत बसायचे.

बाबांनी त्याच रात्री ठरवून टाकलं. गावाबाहेर एक मोठं गोदाम होतं. तिथल्या मालकाला राखणीला कुत्रा हवा होता. रविवारी सकाळी दहाला तो लाडोबाला न्यायला येणार होता.

"तिथे त्याला दिवसभर साखळीला बांधतात, बाबा!" चिमणी रडून सांगत होती.

"तो ओढायचा थांबला तर बघू," बाबा म्हणाले. थांबणार नाही, हे त्यांच्या आवाजातच होतं.

म्हणून तिघं जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "पट्टा ताणला की तुम्ही खांब. सैल झाला की चालायला लागा. ओढून आपण कुठेच पोचत नाही, हे त्याला कळायला हवं. पण ऐका, घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकानं जरी ताणलेल्या पट्ट्यानं पुढे जाऊ दिलं, तर तुमची सगळी मेहनत पाण्यात!"

सोमवारी संध्याकाळी तासाभरानं लाडोबा शहाण्यासारखा शेजारून चालला. तिघं आनंदानं नाचले! मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी तेच. आणि आज गुरुवारी तर बटाट्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

"आपल्याला जमतच नाहीये," चिमणी फुटपाथवर बसकण मारत म्हणाली. "तीनच दिवस राहिले."

"हरकत आहे!" वकील म्हणाला. "रोज संध्याकाळी तो शिकतो. रोज दुसऱ्या दिवशी विसरतो. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी विसरायला लावतंय."

"मध्ये तर त्याला फक्त मामा नेतो," चिमणी म्हणाली. "सकाळी, सायकलवरून. लाडोबा बाजूनं पळतो."

वकिलानं पट्ट्याचा हातात धरायचा फास उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याला मधोमध घट्ट घडी पडली होती, जशी रोज गाठ मारल्यावर पडते. आणि घडीत लाल रंगाची बारीक पूड अडकली होती.

"बाबांच्या जुन्या सायकलचा रंग!" चिमणी ताडकन उठली. "हँडलवरून त्याचे पोपडे निघतात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मामा बदलीच्या नोकरीमुळे गेला महिनाभर त्यांच्याकडेच राहत होता. त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितल्यापासून तो रोज नाश्त्याला ऐकवायचा, "पाण्याच्या टाकीचा चढ आज पुन्हा एका दमात! खाली पाय टेकवला नाही!" घरात सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक.

शुक्रवारी सकाळी तिघं टाकीच्या पंपघरामागे दबा धरून बसले. सहा वाजून गेले आणि चढावरून आवाज आला, "चल राजा! हुर्र! खेच!"

लाडोबा पुढे होता. पट्टा हँडलला बांधलेला, तारेसारखा ताणलेला. मागे सायकलवर मामा बसला होता, दोन्ही पाय पेडलवरून उचलून पुढे पसरून, शीळ घालत!

"ह्याला व्यायाम म्हणतात?" बटाट्या थक्क होऊन पुटपुटला. "मग मी पण रोज करीन!"

चिमणीला हसू आलं नाही. तिला नुसता राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. संध्याकाळी ती शिकवत होती, ओढू नकोस. सकाळी मामा शाबासकी देत होता, ओढ. बिचाऱ्या लाडोबानं ऐकायचं तरी कुणाचं?

नाश्त्याला तिनं सगळं सांगून टाकलं.

"काहीतरीच!" मामा लाल झाला. "तो बाजूनं पळतो. कधीतरी चुकून पुढे जात असेल."

"खोटं! आम्ही तिघांनी—"

"चिमणे!" आई दटावून म्हणाली. "मोठ्यांना खोटं म्हणायचं नाही. कुत्रा जाणार म्हणून आता मामावर ढकलतेस?"

बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. आजोबा मात्र चमचा तसाच हातात धरून नातीकडे बघत राहिले. डाव्या हातानं त्यांना नीट जेवता येत नव्हतं.

मोठ्यांचं हे असंच असतं. ते एकमेकांवर विश्वास ठेवतात, आणि मुलांनी पुरावा द्यायचा!

"मग देऊ की पुरावा," अंगणात आल्यावर वकील म्हणाला. आणि रात्री जेवताना तो एकदम गोडगोड झाला. "मामा, चुकलं आमचं. तुमचा तो चढ आजोबांना बघायचाय. उद्या सगळेच येऊ का बघायला?"

"हो हो!" आईनं लगेच उचलून धरलं. "मला पण बघायचंय!"

मामाचा घास घशात अडकला. पण आता नाही कसं म्हणणार?

शनिवारी सकाळी अख्खं घर चढाच्या पायथ्याशी उभं होतं. मामानं सवयीनं लाडोबाकडे हात केला.

"नको मामा, आज त्याला मी धरते," चिमणी गोडीत म्हणाली. "नाहीतर म्हणाल, कुत्र्यामुळे अडचण झाली!"

मामानं घाम पुसला. टांग मारली. पहिला विजेचा खांब गेला. दुसऱ्या खांबाशी सायकल डुगडुगायला लागली. तिसऱ्या खांबाआधीच मामा खाली उतरला आणि हँडलवर डोकं टेकून धापा टाकू लागला.

"आज जरा... कणकण आहे..." तो म्हणाला.

आणि तेवढ्यात लाडोबानं चिमणीला असा हिसका दिला की पट्टा तिच्या हातातून सुटला! तो थेट चढावर पळाला, सायकलच्या पुढे जाऊन उभा राहिला, मामाकडे पाठ करून. मग मान वळवून त्यानं पाहिलं. बांध ना, असंच जणू म्हणत होता. मामा हललाच नाही, तेव्हा तो एकदा भुंकला आणि शेपूट हलवत वाट बघू लागला.

बाबांनी पुढे होऊन पट्टा उचलला.

"अहो मेहुणे," ते म्हणाले, "तुम्ही त्याचा बैल केलात की!"

मामाचा चेहरा एवढासा झाला. "मला खरंच कळलं नाही हो," तो हळूच म्हणाला. "तो ओढायचा आणि मला बरं वाटायचं. आजोबा त्यामुळे पडले असतील, असं डोक्यातच आलं नाही."

चिमणीला वाटलं, सुटलो! पण घरी येताना बाबा म्हणाले, "तुम्ही शोधलंत, मानलं. पण सवय लागली ती लागली. डॉक्टरबाई काय म्हणाल्या, किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे," चिमणी म्हणाली. खोटं बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही.

"आणि तोपर्यंत पुन्हा कोणी पडलं तर?"

वकील हरकत घ्यायला पुढे झाला, तोवर बाबा फाटकातून आत गेले होते.

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना टेम्पो आला. गोदामवाला साखळी घेऊनच उतरला. चिमणी लाडोबाच्या गळ्यात हात टाकून अंगणात बसली होती. बटाट्या उघड रडत होता. मामा दारातल्या दारात घुटमळत होता.

"थांबा," आजोबा म्हणाले. ते चपला घालत होते. "पट्टा माझ्याकडे दे."

"आजोबा, नको!" चिमणी घाबरली. "तुम्ही पडाल!"

"डावा हात धड आहे अजून. कोपऱ्यापर्यंत जातो. पडलो तर न्या त्याला."

बाबा पुढे झाले, पण आजोबांनी नुसतं बघितलं आणि बाबा थांबले.

फाटकाबाहेर लाडोबानं पहिला जोर लावला. आजोबा खांब झाले. पट्टा सैल झाला. दोन पावलं. पुन्हा जोर. पुन्हा खांब. कोपरा साठ पावलांवर होता, आणि पंधरा मिनिटांत ते दहा पावलंच गेले. गोदामवाला घड्याळ बघत होता. चिमणीला काहीच करता येत नव्हतं. ओरडताही येत नव्हतं, लाडोबा बिथरला असता म्हणून.

मधेच समोरून एक मांजर आडवं गेलं.

लाडोबा उसळला! आजोबा झोकांडले, भिंतीला खांदा लागला. चिमणी धावली.

"तिथंच थांब!" आजोबा म्हणाले. ते उभे होते. मांजर गेलं. लाडोबा ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाला फुरफुरत राहिला, एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्यानं मागे वळून आजोबांकडे पाहिलं आणि एक पाऊल स्वतःहून मागे आला.

"शाब्बास!" आजोबा म्हणाले, आणि चालायला लागले.

कोपरा गाठायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली, आणि मागोमाग गोदामवाल्यासकट सगळे तिथे पोचले. आजोबा गोदामवाल्याला म्हणाले, "माफ करा, तुम्ही दुसरा कुत्रा बघा. हा आमच्या घरचा आहे."

मग ते मुलांकडे वळले. "मी पडलो तेव्हा ह्या मुक्या जिवाला दोष देऊन मोकळा झालो. आपण त्याला काय शिकवतोय, हे आमच्यापैकी एकानंही पाहिलं नाही. तुम्ही तिघांनी पाहिलंत. मला तुमचा अभिमान वाटतो, पोरांनो."

बाबांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आता सकाळी मी काय करू?" मामानं विचारलं.

"खांब!" तिघं एकदम ओरडले.

परत येताना पट्टा चिमणीच्या हातात होता. ते अंतर तेवढंच होतं, पण घरी पोचायला तिला आणि लाडोबाला पाऊण तास लागला. आणि तोवर घरात कुणीही जेवायला बसलं नाही.