ब्रेकला वंगण

"आवं नाथाजी, थांबवा की गाडी!" तानुआत्या ओरडली.

"थांबवतोय की… थांबंना झालीया!" नाथाजीमामा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले होते.

कराडच्या अलीकडचा उतार. आमची काळीभोर, लांबलचक विलायती गाडी मजेत घरंगळत निघाली होती. वळणावर मामांनी सगळं बळ लावून चाक फिरवलं, गाडी रस्ता सोडून एका गॅरेजच्या आवारात शिरली आणि तिथल्या कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत घुसली. तेव्हा कुठं थांबली! माझ्या केसांत कडबा, पदरात कडबा, आत्याच्या तोंडातसुद्धा कडबा.

जवळच्या ट्रकखालून आधी दोन बूट बाहेर आले, मग माणूस. उंच, सावळा, हात कोपरापर्यंत काळे.

"लागलं का कुणाला?" त्यानं आधी आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे नंतर. हे मी तेवढ्या गडबडीतही टिपलं… उगीच कशाला खोटं बोलू?

मग तो चाकाशी वाकला, आत बोट घालून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "एरंडेल! ब्रेकला वंगण लावलं कुणी?"

नाथाजीमामा जमिनीकडे बघायला लागले. आमचे जुने गाडीवान ते, वीस वर्षं बैलगाडी हाकण्यात गेलेली. पण चूक त्यांची नव्हती. सेहेचाळीस सालच्या दिवाळीत माझ्या वडिलांनी, आबांनी, ही गाडी पाचगणीच्या एका साहेबाकडून घेतली. साहेब बाडबिस्तरा गुंडाळून विलायतेला चालला होता. गाडी राजेशाही, पण ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की बाजारात म्हशी दावं तोडून पळायच्या. आमच्या घरात चाक कुरकुरलं की आसाला वंगण घालायचं, ही लहानपणापासूनची शिकवण. मी मामांना तेच सांगितलं होतं.

"मी," मी म्हणाले. "म्हणजे लावलं मामांनी, पण सांगितलं मी."

"बाईसाहेब, चाक फिरावं म्हणून वंगण घालत्यात. ब्रेक कशापायी असतो?"

"थांबायला…"

"मग?"

"मग काय? थांबलो की. गंजीत!"

तो इतका मोकळा हसला, की मलाही राग धरता येईना. त्याचं नाव मानसिंग. सहा वर्षं पलटणीत गाड्या दुरुस्त करून वर्षापूर्वी परतला होता आणि हे गॅरेज त्यानं स्वतः उभं केलं होतं.

गाडी तिथंच ठेवावी लागली. आबांना घाई होती ती रविवारची. रविवारी ते सांगलीला, विश्रामबागेतल्या एका घरी, माझी सुपारी फोडायला जाणार होते. त्या घरची माणसं मला पाहून गेली होती. मुलाचा मी फोटो पाहिला होता. फोटोत वाईट काही नव्हतं. पण बघून मला काही वाटलंही नव्हतं. व्याह्यांच्या दारात गाडी किंचाळली तर शोभा होईल, एवढीच आबांना चिंता. "गाडीपाशी घरचं मानूस पायजे," असं म्हणून त्यांनी आत्याला रोज तिथं बसवलं. साहेबानं गाडीबरोबर दिलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. म्हणून मीही.

आत्या सावलीला पावटे सोलत बसायची. शेजारच्या गुऱ्हाळातून गरम गुळाचा वास यायचा. मी पायरीवर बसून पुस्तक वाचायची आणि मराठीत सांगायची.

"यात लिहिलंय…" पहिल्याच दिवशी मी थांबले.

"काय?"

"काही नाही."

"सांगा की!"

"लिहिलंय… ब्रेकला तेल कधीही लावू नये."

"कुठल्या पानावर?"

"पहिल्याच," मी म्हणाले, आणि मानसिंग पाना खाली ठेवून पोट धरून हसला.

ब्रेकची अस्तरं तेल पिऊन बसली होती. त्यानं ती फेकली, पलटणीच्या मोडीतून आणलेला नवा पट्टा कापला, तांब्याच्या रिबिटांनी ठोकला. मग एकेक कड कानशीनं तिरपी घासत बसला. सरळ राहिली तर पुन्हा किंचाळेल म्हणे. दर चार घासांनी बोट फिरवून बघायचा. घाई कसली ती नाही. मला ते हात बघत बसावंसं वाटायचं. आत्यानं दोनदा खाकरून दाखवलं, तरी बघत बसले.

तिसरा दिवस शनिवार. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली होती. ती काढायला एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायची. नाथाजीमामा पाय लवकर उचलायचे आणि हवा पुन्हा आत. शेवटी मी बसले. मानसिंग चाकामागे, दिसत नव्हता. नुसता आवाज.

"दाबा."

"दाबला."

"धरा… सोडा. लय बेस! पलटणीत भरती व्हा, बाईसाहेब."

"अंजना म्हणा. बाईसाहेब म्हटलं की मी म्हातारी वाटते."

मग, "दाबा… अंजनाबाई."

"दाबला," मी म्हणाले. बरं झालं, माझं तोंड त्याला दिसत नव्हतं!

"धरा. उद्या सांगलीत काय हाय एवढं?"

"सुपारी फोडायची आहे."

"कुणाची?"

"माझी."

माझ्या पायाला रग लागली.

"सोडू का?"

"…सोडा."

मी खाली उतरले. तो हात पुसत उभा होता, माझ्याकडे न बघता. मला राहवलं नाही. "आबांना सांगा ना… आणखी आठ दिवस लागतील म्हणून."

त्यानं मान वर केली. माझ्या मनात काय आहे ते त्या एका वाक्यात त्याला कळलं, हे मला दिसलं. त्याच्या मनात काय आहे तेही दिसलं. आणि तरी तो म्हणाला, "न्हाई."

"एवढंसं खोटं—"

"ब्रेकचं न्हाई बोलनार. इटलीत एकानं न बघताच तयार हाय म्हणून ट्रक दिल्ता. माझा दोस्त व्हता त्यात." तो थांबला. "आज तयार असून न्हाई म्हणलो, तर उद्या माझ्या 'हाय'वर कुणी बसावं?"

"मग जाऊ देत मला सांगलीला!" मी म्हणाले आणि पुस्तक तोंडासमोर धरून बसले. पानावरचं अक्षर दिसत नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो बरोबर होता याचा त्याहून जास्त.

दुपार कलता आबा आले. मानसिंगनं त्यांना शेजारी बसवून गाडी त्याच उतारावरून भरधाव आणली आणि फाटकात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. हूं की चूं नाही.

"शाब्बास गड्या!" आबा खाली उतरले ते खुशीत. "म्हंजी उद्या सांगलीला न्यायला हरकत न्हाई?"

"गाडी तयार हाय, आबासाहेब. कुठं बी न्या." त्यानं टोपी काढून हातात धरली. "पन तुमी जाऊ नका."

"का? काय ऱ्हायलंय?"

"गाडीचं काय बी न्हाई. माझं हाय. अंजनाबाईंना मी मागतोय."

आत्याच्या मांडीवरचं सूप कलंडलं, पावटे अंगणभर. आमच्यात मागणं घालायला थोरली माणसं येतात. चहापाणी होतं, पिकापाण्याच्या गप्पा होतात, मग कुणीतरी हळूच विषय काढतं. मुलानं स्वतः, तेही काळ्या हातांनी उभ्या उभ्या मागितल्याचं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं.

आबांचा चेहरा लाल झाला. आता बोलले नाही तर जन्मभर बोलता येणार नाही, हे मला कळलं.

"आबा, मीच त्यांना खोटं सांगायला लावत होते. गाडी तयार न्हाई म्हणा, म्हटलं. त्यांनी ऐकलं न्हाई."

"तू? का?"

"मला सांगलीला जायचं न्हाई. मला…" पुढचं आबांसमोर बोलवेना. मी मानसिंगकडे पाहिलं, एवढंच.

आबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, तिच्या दारावर हात ठेवला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यात थोरलं कोन हाय?"

"आई हाय. चुलतं हाईत."

"मग त्येंनी बोलायचं आसतंय, तू न्हवं. रीत हाय का न्हाई काय?" त्यांनी दार उघडलं. "सांगलीला अजून शब्द दिला न्हाई म्हणून बरं. उद्या आईला, चुलत्यांस्नी घेऊन ये घरला."

"उद्या?" मानसिंग गडबडला. "उद्या तुमी सांगलीला…"

"उद्या आमी घरीच हाय," आबा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मला कळायला क्षणभर लागला. आत्यानं दंडाला चिमटा काढला तेव्हा कळलं, आणि डोळे भरूनच आले. मानसिंग टोपी चुरगळत उभा होता.

मग मीच जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "उद्या लवकर या."