एकविसावं मशीन

शटर ओढलंय, चहा आलाय, तेव्हा सांगतो. पण मधे कुणी मोबाइल काढायचा नाही. गोष्ट माझ्या भाऊजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. माणूस असा, की भूत जरी दारात आलं तरी आधी रजिस्टरमध्ये सही करायला लावतील.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च, तिसरा बुधवार. रात्री साडेनऊला भाऊजी जेवून, पिशवी घेऊन निघाले. नकाशे काढायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथली मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सगळी माझ्याच दुकानातली आणि सांभाळायला भाऊजी. दुसऱ्या दिवशी नऊला वीस मुलांची शेवटची परीक्षा, आणि त्याआधी वीसही मशीनवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं होतं.

भाऊजी प्रत्येक मशीनपुढे बसून 'पुढे, पुढे' दाबणाऱ्यातले नव्हेत. मुख्य मशीनला यादी द्यायची, ते एकेका मशीनला उठवतं, सॉफ्टवेअर चढवतं, तपासतं, पुढच्याकडे जातं. माणसानं घोरलं तरी चालतं.

"मामा, आणि लायसन्स?" भाचीबाई, तुम्ही विचारणारच. लायसन्स म्हणजे किल्ल्यांचा जुडगा समजा. मुख्य मशीनकडे वीस किल्ल्या. जो सॉफ्टवेअर उघडेल त्यानं एक घ्यायची, बंद केलं की परत द्यायची. सगळ्या गेल्या, तर पडद्यावर येतं, 'वाट पाहा'.

आता चूक ऐका. यादी नव्यानं करायची सोडून भाऊजींनी गेल्या वर्षीचीच चिकटवली. तिच्यात मशीनची नावं एकवीस होती.

काळोखात एकेक पडदा उजळत गेला, विझत गेला. पावणेदोनला विसावं मशीन झालं. वीसच्या वीस किल्ल्या परत आल्या. भाऊजींनी पिशवीची चेन ओढली. तेवढ्यात यादीत ओळ आली.

एकवीस : सुरू.

'आत्ता सापडत नाही म्हणेल,' असं म्हणून ते उभेच राहिले.

एकवीस : पूर्ण.

किल्ल्या शिल्लक, एकोणीस.

दोन वाजता माझा फोन वाजला. "शेठ, एकवीस नंबरचं मशीन कुठंय?"

"भाऊजी, झोपेत चेष्टा करताय का? माझ्या गोदामात आहे."

"जाऊन बघ."

गेलो. बॅटरी मारली. पोत्यांमागे होतं तसंच आडवं पडलेलं. ना वायर, ना डिस्क. डिस्क मीच काढून हातोडीनं फोडली होती.

"आहे इथंच. खोकं उघडं, आत डिस्कसुद्धा नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला.

ते मशीन माझ्याकडे का आलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आदल्या वर्षी मुलं एकवीस होती, किल्ल्या वीसच. जास्तीची मागवलेली वेळेत आली नाही. शेवटच्या मशीनवर एक उंच, मुखदुर्बळ मुलगा होता, सगळे त्याला लंबू म्हणायचे. पडद्यावर 'वाट पाहा'. भाऊजी म्हणाले, "थांब रे, कुणाचं तरी लवकर आटपेल. सुटेल किल्ली."

कुणाचंच लवकर आटपलं नाही. पोरगं तीन तास माउसवर हात ठेवून बसलं. वर्ष गेलं. दोन महिन्यांनी तापाचं निमित्त झालं आणि पोरगंही गेलं. त्या जागेवर कुणी बसेना, म्हणून शाळेनं ते मशीन मला परत दिलं.

भाऊजींनी मुख्य मशीनवरून ती अडकलेली किल्ली सोडवली. वीस. हुश्श केलं. एकोणीस. पुन्हा सोडवली. पुन्हा एकोणीस. वीसही मशीनच्या वायरी उपटल्या. मुख्य मशीन बंद करून चालू केलं. ते उठलं ते सांगतच.

एक वापरात.

रात्रभर तेच. सोडवायची... जायची. सोडवायची... जायची. उजाडलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. एकटेच होते, बोलले कुणाशी, देव जाणे.

मी साडेआठला पोचलो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे मुलं वीस, किल्ल्या वीस. अडचण काय?" काय सांगू त्याला?

नऊला प्रश्नपत्रिकांचं पाकीट फुटलं. एकोणीस जणांचं सॉफ्टवेअर उघडलं. विसाव्या मशीनवर शाळेच्या शिपायाची मुलगी. एका कचेरीत तिची नोकरी ठरली होती, निकाल दाखवायच्या बोलीवर. तिनं हात वर केला.

"सर, हे 'वाट पाहा' म्हणतंय."

भाऊजींनी तोंड उघडलं. तोंडात आदल्या वर्षीचाच 'थांब' आला होता, मला दिसला. तो त्यांनी गिळला.

मुख्याध्यापक ओरडले, "अहो, करा ना काहीतरी!"

सोडवली... गेली. दुसऱ्या कुणाचं बंद करावं, तर त्याचं वर्ष बुडणार. दहा वाजले. भाऊजी उठले. कोपऱ्यात, जिथं ते टेबल असायचं, तिथं जाऊन उभे राहिले. मोकळ्या जमिनीसमोर, सगळ्या वर्गादेखत हात जोडले.

"चुकलो रे. माझं काय करायचं ते कर. तिला दे."

कुणी हसलं नाही. किल्ली आली नाही.

अकरा. साडेअकरा. पोरगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. रडणंही संपलेलं. दाराबाहेर तिचा बाप, घंटेची दोरी धरून.

बारा. त्यानं घंटा दिली. त्याच क्षणी किल्ली परत आली. आपणहून.

मुख्याध्यापकांनी उत्तरांचा फोल्डर उघडला. मोजलं. पुन्हा मोजलं. एकोणीस हवी होती... वीस होती. विसावा नकाशा उघडला. पूर्ण. एक रेघ चुकलेली नाही. आणि खाली, काढणाऱ्याच्या चौकटीत, परीक्षा क्रमांक. पोरीचा.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं आपले तळहात पुढं केले, कुणी चोरी पकडल्यासारखे.

"सर... मी माउसला हातसुद्धा लावला नाही."