ठकुबाईच्या उंबऱ्याचा आकडा

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली त्या चिंधूने ती एकदाच सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

साल १९७६. भिवंडीचं कामतघर. शुक्रवारची दुपार.

शुक्रवारी इथले यंत्रमाग बंद असतात. एरवी मागांच्या हादऱ्याने मोजणीची दुर्बीण थरथरते, म्हणून जमीन किती खचली याचं मोजमाप चिंधू शुक्रवारीच करायचा.

तिथल्या एका चाळीखालून पाण्याच्या नळासाठी बोगदा गेला होता. खाली चिकणमाती. अशा मातीत बोगदा खणला, तर वरची जमीन लगेच बसत नाही. महिनोन्‌महिने बसत राहते. बोगद्याच्या बरोबर वर जास्त, बाजूला कमी, पसरट परातीसारखी. कुठे किती बसेल, याचा अंदाज इंजिनिअर साहेबांनी आधीच कागदावर काढला होता.

चाळीतल्या ठकुबाईच्या उंबऱ्याशी आठ मिलिमीटर. वीसच्या पुढे गेलं, तर खोली रिकामी करायची.

ठकुबाई ही चिंधूची धाकटी बहीण. तिचा नवरा दामू याच बोगद्यात खणायला होता. दोन महिन्यांपूर्वी, तिच्याच खोलीखाली, माती त्याच्यावर आली. तो डोकं खाली असा पडला... क्षणभर नुसते पायांचे तळवे दिसले.

मग तेही नाहीत.

ठेकेदाराने प्रेत न काढताच ती जागा विटांनी बुजवली आणि बोगदा बाजूने नेला.

"नवशा, पट्टी सरळ धर!" उंबऱ्यावर मोजपट्टी धरून उभ्या मदतनिसाला चिंधू ओरडला.

"सरळच हाय, चिंधूदादा. तुमचीच मान वाकडी!"

चिंधूने दुर्बिणीला डोळा लावला.

एकतीस.

मागच्या शुक्रवारी आठ होते.

त्याने पुन्हा पाहिलं...

त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. नवशा उलटा, दार उलटं.

पण नवशाच्या शेजारी कुणीतरी होतं... सरळ.

चिंधूने मान वर केली. उंबऱ्यापाशी नवशा एकटाच.

पुन्हा दुर्बीण. तो होताच...

दुर्बिणीत सरळ, म्हणजे खरोखर उलटा. डोकं खाली. तळवे वर.

चिंधूला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

तो आत गेला. ठकुबाई तांदूळ निवडत होती.

"ठकू, ऊठ. आजच शेलार गावाला चल, माझ्या घरी."

"आकडा वाढला ना, दादा?"

"तुला कुनी सांगितलं?"

"खालून खरवडल्यावानी येतंय. रोज थोडं वर."

"येडी झालीस? खोली खचंल!"

"तू आकडा लिवशील, साहेब खाली सिमेंट वतंल. मंग माझा धनी वर कुठनं येईल?" तिने सूप खाली ठेवलं. "वहीत आठच लिव. येवढं कर माझं."

चिंधूने वही उघडली.

पायांखाली काहीतरी हळूच खरवडलं...

त्याने वहीत आठ लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी दार उघडं होतं. चूल उबदार. तवा वर तसाच.

ठकुबाई नव्हती.

"भायेर पडताना न्हाय दिसली रं," शेजारची ठमाबाई म्हणाली.

खोलीची सारवलेली जमीन सपाट. एक तडा नाही.

चिंधूने मोजलं.

आठ.

त्याने साहेबांना खोलीची जमीन खणायची विनंती केली. हात जोडले. साहेबांनी त्याचीच वही उघडून त्याच्यापुढे धरली.

"कशासाठी खणायचं, चिंधू? तुझ्याच हातचं आहे हे. इथली जमीन अंदाजाबाहेर कधी गेलीच नाही."